लस टोचली, पण आत काय झालं?

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पीने महाराष्ट्रातले गोठे हादरवले. जनावरांचे आठवडी बाजार बंद पडले. पशुसंवर्धन खात्याच्या लोकांनी वाड्यावस्त्या पालथ्या घालून एक कोटीहून जास्त गाईबैलांना लस टोचली. ही लस होती शेळ्यांच्या देवीची. लम्पीचा विषाणू आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती गाईंनाही लागू पडते. पुढच्या वर्षी साथ पुन्हा आली आणि गोठ्यागोठ्यांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागला : लस दिली होती ना, मग गाठी आल्या कशा?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं धड उत्तर देण्याची सोय आपल्याकडे नाही. रक्त काढून त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, मोजता येतात. लम्पीत मात्र लस दिलेल्या काही जनावरांच्या रक्तात मोजण्याइतकी प्रतिपिंडं सापडतच नाहीत आणि तरी ती जनावरं रोगाला पुरून उरतात. देवीच्या कुळातल्या विषाणूंशी लढताना मोठा भार रक्तातल्या पांढऱ्या पेशी उचलतात. त्यामुळे नुसती प्रतिपिंडं मोजून लस लागली की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पेशींचं काय झालं ते पाहावं लागतं. आणि पेशी ओळखायला जे साधन लागतं, ते गाय, म्हैस, शेळी, डुक्कर या प्राण्यांसाठी जगातच तोकडं आहे. आपल्या देशात तर ते बहुतेक आयात होतं.

हे साधन म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडं. जनावरांची प्रतिकारशक्ती अभ्यासण्यासाठी लागणाऱ्या या प्रतिपिंडांकडे रस्ते, धरणं किंवा शीतसाखळीकडे पाहतो तसं पाहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती सरकारी पैशातून तयार व्हावीत, सरकारी जागेत जपली जावीत आणि मागेल त्या प्रयोगशाळेला मिळावीत. बाजारावर सोडलं तर ती आपल्याला कधीच मिळणार नाहीत. का, ते सांगतो.

आधी हे साधन करतं काय, ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ सारख्या दिसतात : गोल, मधोमध मोठं केंद्रक. पण त्यांची कामं वेगवेगळी. कुणी विषाणू शिरलेली पेशी मारते, कुणी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना मदत करते, कुणी जुन्या रोगाची आठवण ठेवते. आषाढीच्या वाटेवर लांबून पाहिलं तर सगळे वारकरी पांढऱ्या कपड्यांतले दिसतात. दिंडी कोणती, ते पताकेवरच्या नंबरावरून कळतं. मोनोक्लोनल प्रतिपिंड पेशीला अशी पताका लावतं. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एकाच प्रथिनाला, त्या प्रथिनाच्याही एकाच जागेला ते चिकटतं, दुसरीकडे कुठेही नाही. त्याला चमकणारा रंग जोडला की पेशी ओळखता येते, मोजता येते, वेगळी काढता येते. हवं तर जिवंत प्राण्याच्या शरीरातून ती एकच जात काढून टाकून तिच्यावाचून काय बिघडतं, तेही पाहता येतं.

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी ही युक्ती शोधली. उंदराला हवं ते प्रथिन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी घ्यायच्या आणि त्यांचा कर्करोगी पेशींशी संकर करायचा. प्लीहेतल्या पेशींना प्रतिपिंड बनवता येतं पण त्या चार दिवसांत मरतात. कर्करोगी पेशी मरत नाहीत. संकरात दोन्ही गुण येतात. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत हे संकर वाढत असतात. रोज सकाळी ताटली उचलून खालून उजेडात पाहायची. ज्या खळग्यात पेशी जोमाने वाढतात, तिथलं गुलाबी-लाल द्रावण पिवळट होतं, कारण वाढत्या पेशी आम्ल सोडतात. त्या खळग्यातला थेंब काढून तपासायचा : हवं ते प्रतिपिंड आहे का? शेकडो खळग्यांतून एखादाच कामाचा निघतो. मग त्याच्या पेशी इतक्या पातळ करायच्या, की एका खळग्यात एकच पेशी पडेल. त्या एकीचा सगळा वंश एकच प्रतिपिंड बनवतो, म्हणून ते मोनोक्लोनल. या कामात महिने जातात. हाताला सवय लागते, चिकाटी लागते आणि वीज जाऊन चालत नाही.

या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही. मिलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने पेशी मागेल त्याला दिल्या. १९८४ साली कोलर आणि मिलस्टाइन यांना, नील्स येर्ने यांच्यासह, नोबेल मिळालं तोवर जगभरच्या प्रयोगशाळा ही पद्धत वापरत होत्या. उघड्या हाताने दिलेल्या वस्तूवर हे सगळं शास्त्र उभं राहिलं, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवावी.

त्याच १९८४ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डुकराच्या रक्तपेशी ओळखणारी पहिली महत्त्वाची मोनोक्लोनल प्रतिपिंडं तयार झाली. त्यातली दोन, ७४-१२-४ आणि ७६-२-११ अशा रुक्ष नावांची, आजही डुकरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये रोज वापरली जातात. पहिलं मदतनीस पेशींवरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटतं, दुसरं सीडी८ला. पण ती डुकरांच्या आरोग्यासाठी बनवलीच नव्हती. तिथे लहान चणीच्या डुकरांवर अवयवरोपणाचा अभ्यास चालू होता, माणसाला उपयोगी पडावा म्हणून. डुकराच्या रोगांवर काम करणाऱ्यांच्या हाती ते अवजार दुसऱ्याच्या घरून आलं.

माणसाच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. १९८२ साली पॅरिसमध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र बसून माणसाच्या पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. ती सीडी यादी आज ३७० च्या पुढे गेली आहे आणि बहुतेक प्रत्येकासाठी बाजारात प्रतिपिंड मिळतं. डुकरांसाठी अशी पहिली बैठक १९९२ साली बुडापेस्टला झाली. त्यानंतर दोन बैठका झाल्या, काम पुढे गेलं, पण माणसाच्या यादीच्या तुलनेत डुकरासाठी हाताशी असलेली प्रतिपिंडं मोजकीच राहिली. म्हशीची स्थिती तर आणखी बिकट.

माणसासाठी बनवलेलंच प्रतिपिंड डुकराला का चालत नाही, असं कुणीही विचारील. कधी चालतं. माणसाच्या सीडी१४साठी बनवलेलं एक प्रतिपिंड डुकराच्या आणि गाईच्या पेशींनाही चिकटतं. पण हा योगायोगाचा मामला. जंतू सतत रूप बदलतात आणि त्यांच्याशी सामना करणारी प्रथिनं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यामागे बदलत राहतात. त्यामुळे शरीरातली इतर पुष्कळ प्रथिनं प्राण्याप्राण्यांत सारखी राहिली तरी पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरची बरीच प्रथिनं एकमेकांपासून लांब गेलेली आढळतात.

आणि डुक्कर म्हणजे चार पायांचा माणूस नव्हे. माणसाच्या रक्तात सीडी४ आणि सीडी८ ही प्रथिनं साधारणपणे वेगवेगळ्या पेशींवर असतात. दोन्ही एकत्र बाळगणाऱ्या पेशी विरळ. डुकराचं रक्त फ्लो सायटोमीटरमधून, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रातून, सोडलं की पडद्यावर चार चौकटी दिसतात आणि उजवीकडच्या वरच्या चौकटीत, जिथे माणसाचं रक्त असतं तर तुरळक ठिपके पडले असते, तिथे ठिपक्यांचा दाट पुंजका उभा राहतो. या दोन्ही प्रथिनं बाळगणाऱ्या पेशी. डुकराचं वय वाढतं, रोगांशी गाठ पडत जाते, तसा हा पुंजका वाढतो, कारण त्यात पूर्वीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात. टी-पेशी हा लिम्फोसाइटांचाच एक मोठा गट. त्यातल्या गॅमा-डेल्टा नावाच्या पेशी माणसाच्या रक्तात थोड्या असतात; लहान डुकरांत आणि वासरांत त्यांचा वाटा फार मोठा असतो. डुकराच्या लसिका गाठींची रचनाही उलटी, जे बाहेर असायचं ते आत. मादीच्या वारेतून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतच नाहीत. जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात पोटात गेलेल्या चिकावरच त्याचं संरक्षण अवलंबून असतं. उंदराची किंवा माणसाची प्रतिकारशक्ती शिकून डुकराची लस बनवायला गेलं तर फसगत होणार, हे यावरून उघड आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिकन स्वाइन फीव्हरचं. हा विषाणू डुकरात शिरला की बहुतेक जनावरं आठवड्या-दोन आठवड्यांत दगावतात. १९२१ साली केनियातून त्याचं पहिलं वर्णन आलं आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी जगभर भरवशाने वापरता येईल अशी लस नाही. प्रतिपिंडं तयार होतात, पण ती पुरेशी पडत नाहीत. मग संरक्षण कशामुळे मिळतं? इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला मैलाचा दगड वाटतो. पोर्तुगालमध्ये सापडलेल्या एका सौम्य वाणाची लागण होऊन बरी झालेली डुकरं त्याच्या जवळच्या जहाल वाणालाही तोंड देतात, हे ठाऊक होतं. त्यांनी अशा संरक्षित डुकरांना सीडी८ला चिकटणारं मोनोक्लोनल प्रतिपिंड दिलं. सीडी८ बाळगणाऱ्या पेशी रक्तातून नाहीशा झाल्या. मग जहाल विषाणू टोचला, आणि संरक्षण गेलं. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तर होतीच. एकट्या त्यांच्याच्याने निभाव लागला नाही.

एका प्रयोगाने लस संशोधनाची दिशा स्पष्ट केली : फक्त प्रतिपिंडं उभी करणारी लस या रोगाला पुरणार नाही. पण याच प्रयोगात साधनांची चणचणही दिसते. डुकरात सीडी८ची अल्फा साखळी, म्हणजे या प्रथिनाचा एक भाग, मारक टी-पेशींवर असते, नैसर्गिक मारक पेशींवर असते आणि वर सांगितलेल्या आठवण ठेवणाऱ्या मदतनीस पेशींवरही असते. त्यामुळे नेमक्या कोणत्या पेशी गेल्याने संरक्षण गेलं, हे तेवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी आणखी बारीक भेद करणारी प्रतिपिंडं लागतात, जसं सीडी८च्या बीटा साखळीचं. साधन जितकं बारीक, तितका प्रश्न नेमका विचारता येतो.

व्हिएतनामने २०२२ साली या रोगाच्या लशीला परवानगी दिली. काही प्रांतांत लस टोचलेली डुकरं मेल्यावर ऑगस्टमध्ये वापर थांबवावा लागला, चौकशी झाली आणि २०२३ च्या जुलैत पुन्हा देशभर परवानगी मिळाली. लस जिवंत विषाणू दुबळा करून बनवलेली. कोणत्या जनावरात ती संरक्षण देते आणि कोणत्यात उलटते, हे ओळखणारी रक्ततपासणी असती तर हा सगळा गोंधळ खूप कमी झाला असता. ती नाही, कारण संरक्षणाची खूण नेमकी कोणती, हेच अजून पक्कं ठरलेलं नाही.

भारतात हा रोग २०२० साली आसाम आणि अरुणाचलातून शिरला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने निदान केलं. पुढे मिझोरामसारख्या राज्यात हजारो डुकरं गेली. तिथे घरामागे दोन-चार डुकरं म्हणजे मुलांची फी, आजारपण, लग्न यांची तरतूद. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ९० लाख डुकरं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य अशाच लहान घरांची. महाराष्ट्रात डुक्कर हा विषय आला की नगरपालिकेची पकड मोहीम एवढंच आपल्याला आठवतं. कैकाडी, वडार समाजातल्या ज्या कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांच्या जनावरांना लस, विमा, डॉक्टर यांतलं काय मिळतं, हे विचारायचीही तसदी आपण घेत नाही. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. आणि ती शहाणपणाचीही नाही. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्या विषाणूचे जनुकीय तुकडे डुकरांमध्ये फिरणाऱ्या फ्लूच्या वंशांमधून आले होते. डुकराच्या फुप्फुसात फ्लूविरुद्ध काय घडतं, हा पुणेकरांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. मघाशी सांगितलेलं ७४-१२-४ हे प्रतिपिंड सगळ्या डुकरांना लागू पडत नाही. सीडी४ या प्रथिनाचा एक वेगळा प्रकार काही डुकरांत आढळतो आणि हे प्रतिपिंड त्याला चिकटतच नाही. १९९२ पासून शास्त्रज्ञांना हे माहीत आहे. अशा डुकराचं रक्त यंत्रातून सोडलं तर पडदा सांगेल, की याच्यात मदतनीस टी-पेशी नाहीतच. पेशी असतात, पताका लागलेली नसते. आता आपल्याकडची डुकरं पाहा : गोव्याची आगोंदा गोवन, बंगालची घुंगरू, मेघालयाची नियांग मेघा, नागालँडची तेन्यी वो. परदेशातल्या डुकरांवर पारखून घेतलेलं प्रतिपिंड या जातींमध्ये बरोबर काम करतं की नाही, हे आपणच आपल्या जनावरांवर तपासायला हवं. आपली खिलार, देवणी, डांगी, आपली पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी यांनाही हेच लागू आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त म्हशी भारतात आहेत, जवळपास ११ कोटी. म्हशीच्या प्रतिकारशक्तीची साधनं भारताने बनवली नाहीत तर ती दुसरं कोण बनवणार?

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी बुळकांडीचा इतिहास पाहावा. ज्या रोगाने शेकडो वर्षं दावणीच्या दावणी रिकाम्या केल्या, तो २०११ साली जगातून संपला; भारताला मुक्तीचा दाखला २००६ मध्येच मिळाला होता. शेवटच्या टप्प्यात प्रश्न होता तो लाखो जनावरांचं रक्त तपासून रोग कुठे दबा धरून आहे ते शोधण्याचा. त्यासाठीची स्पर्धात्मक एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, मोनोक्लोनल प्रतिपिंडावरच उभी होती, आणि बुळकांडीची प्रतिपिंडं शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगाच्या प्रतिपिंडांपासून वेगळी काढणं त्यामुळेच शक्य झालं. पुढे पीपीआरसाठी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने मुक्तेश्वरला स्वतःची मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवली. त्यांवर आधारलेले तपासणी संच आज देशभर वापरात आहेत. धनगराच्या कळपातल्या मेंढीचं रक्त तपासताना जे प्रतिपिंड काम करतं, ते कुमाऊंच्या डोंगरात जन्मलेलं आहे. याचा अभिमान वाटायला हवा आणि त्याच बळावर पुढची पायरी चढायला हवी : रोगाच्या निदानाकडून प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे.

ती पायरी चढल्यावर काय हाती येतं, ते ऑस्ट्रेलियाने दाखवलं. तिथे गाईंचा क्षयरोग संपवायची मोहीम चालू होती. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक तपासणी बसवली. गाईचं रक्त क्षयाच्या जंतूच्या प्रथिनाबरोबर रात्रभर उबेत ठेवायचं. त्या जंतूची ओळख असलेल्या टी-पेशी रक्तात असतील तर त्या गॅमा इंटरफेरॉन नावाचं निरोप पोचवणारं प्रथिन सोडतात. सकाळी ते मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी पकडून मोजायचं. म्हणजे प्रतिपिंडांऐवजी पेशींच्या आठवणीची थेट परीक्षा. तीच कल्पना पुढे माणसांसाठी वापरली गेली आणि क्वांटिफेरॉन ही चाचणी आली. आज मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशाळांत सुप्त क्षयरोगासाठी जी आयजीआरए तपासणी करतात, तिचं मूळ गोठ्यात आहे. गाईसाठी बनवलेलं साधन माणसाच्या कामी आलं. १९८४ मधल्या डुकराच्या गोष्टीची ही उलट बाजू.

मग हे काम खासगी कंपन्या का करत नाहीत? हिशेब सरळ आहे. माणसाच्या किंवा उंदराच्या एका प्रतिपिंडाला जगभर हजारो गिऱ्हाईकं असतात, म्हशीच्या प्रतिपिंडाला मूठभर. बनवण्याचा खर्च मात्र तितकाच. नफ्याच्या हिशेबात म्हैस बसत नाही आणि यात कंपन्यांचा दोष नाही. त्यांचा धंदाच तसा आहे. पण त्याचा परिणाम आपल्या विद्यार्थ्यांना भोगावा लागतो. शंभर मायक्रोग्रॅमची कुपी, हजारो रुपयांची, परदेशातून बर्फात येते. कस्टममध्ये अडकली, बर्फ वितळला, तर अर्धं वर्ष वाया. मग पीएचडीचा विद्यार्थी विषयच बदलतो. प्रतिपिंडाची पातळी मोजतो, प्रबंध देतो आणि मोकळा होतो. पेशींचा प्रश्न तसाच पडून राहतो. देशाच्या संशोधनाची दिशा अशा रीतीने कुपीच्या किमतीवरून ठरते आहे, हे मला सहन होत नाही.

परदेशात हा पेच सरकारी पैशाने सोडवायचा प्रयत्न झाला. नैरोबीला १९७३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेने आफ्रिकेतल्या गाईंच्या थायलेरिया रोगासाठी गाईच्या पेशींची प्रतिपिंडं बनवली. ‘आयएल-ए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ती प्रतिपिंडं आजही जगभर वापरली जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याने पशुप्रतिकारशक्तीच्या साधनांसाठी विद्यापीठांचं जाळं उभं केलं. ब्रिटनमध्ये पिरब्राइट आणि रॉस्लिन संस्थांनी कोणत्या प्राण्यासाठी कोणतं प्रतिपिंड आहे याची उघडी यादी ठेवली. आयोवा विद्यापीठात तर हायब्रिडोमांची, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या त्या संकरित पेशींची, एक बँकच आहे, जी ना नफा तत्त्वावर जगभर प्रतिपिंडं पाठवते.

आपल्याकडे जागा आहे, माणसं आहेत. पुण्याच्या गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणं हे तर त्याचं स्थापनेपासूनचं काम. हिसारला पशुवैद्यकीय जंतुसंग्रह आहे. इज्जतनगर-मुक्तेश्वरला प्रतिपिंड बनवायचा अनुभव आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. यांना जोडून पशुधनाच्या प्रतिपिंडांची एक राष्ट्रीय बँक उभी करावी, अशी माझी मागणी आहे. तिची एक अट कडक असावी. सरकारी अनुदानातून जे मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार होईल, त्याच्या जनुकांचा क्रम वाचून तो उघड नोंदवायचा आणि पेशी दोन ठिकाणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. आज काय होतं? प्राध्यापक निवृत्त होतात, टाकीत नायट्रोजन भरायला कुणी राहत नाही आणि दहा वर्षांचं काम एका उन्हाळ्यात मरून जातं. क्रम नोंदलेला असेल तर पेशी मेल्या तरी प्रतिपिंड पुन्हा बनवता येतं. क्रम माहीत असण्याचा आणखी एक फायदा : जुन्या हायब्रिडोमा कधी कधी एकाऐवजी दोन प्रकारच्या साखळ्या बनवू लागतात आणि निकाल भरकटतात, तेही ताबडतोब पकडता येतं.

यावर पहिला आक्षेप मला अपेक्षित आहे आणि त्यात तथ्य आहे. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी, लस ठेवायचा फ्रीज बंद, आणि तुम्ही पेशींच्या गोष्टी सांगता? ज्याची गाय मेली आहे त्याने असं विचारलं तर मी मान खाली घालीन. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. पण हे दोन खर्च एकमेकांचे वैरी नाहीत. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनासाठी २०१९ साली केंद्राने १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम सुरू केला. लाळ्या-खुरकुतीसाठी कोट्यवधी जनावरांना वर्षातून दोनदा टोचायचं, आणि टोचल्याचा परिणाम पाहायचा तो मुख्यतः प्रतिपिंडांच्या पातळीवरून. एवढ्या खर्चापुढे अशा बँकेचा खर्च अगदी किरकोळ ठरेल. आणि लशीबद्दलचा शेतकऱ्याचा विश्वास उडाला तर भरलेल्या जागांवरचे डॉक्टरही दारातून परत फिरतील.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो : आता एकेका पेशीतली जनुकं वाचता येतात, प्रतिपिंडांची गरज काय? जनुकवाचन प्रचंड उपयोगी आहे यात वाद नाही. पण त्यासाठी पेशी फोडावी लागते. जिवंत पेशी वेगळी काढून ती काय करते ते त्यातून कळत नाही. पिरब्राइटचा तो प्रयोग जनुकं वाचून झाला नसता. आणि शिरूरच्या नाहीतर सांगोल्याच्या हजार गाईंचं रक्त तपासायचं असेल तर परवडणारी पद्धत अजूनही प्रतिपिंडाचीच आहे.

उंदरांचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. प्रतिपिंड बनवताना उंदीर मारावा लागतो. पूर्वी तर उंदराच्या पोटात पाणी साठवून त्यातून प्रतिपिंड काढत. ती पद्धत क्रूर आहे आणि भारतात तिला कुठेच थारा असू नये. म्हणूनही क्रम नोंदवण्याचा आग्रह. एकदा क्रम हाती आला की पुढचं सगळं उत्पादन ताटलीतल्या पेशींमधून होतं, त्याच प्रतिपिंडासाठी पुन्हा उंदीर लागत नाही.

सुरुवात म्हशीपासून व्हावी. गाईसाठी असलेली प्रतिपिंडं मुऱ्हा, पंढरपुरी, नागपुरी म्हशींच्या रक्तावर एकेक करून तपासावीत. चालतात ती जाहीर करावीत, चालत नाहीत तेवढीच नव्याने बनवावीत. बरोबरीने देशी डुकरांचं सीडी४ तपासावं, ते काम एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात मावेल. आणि लम्पीच्या पुढच्या लस मोहिमेत प्रत्येक जिल्ह्यातल्या थोड्या गाईंचं रक्त लशीआधी आणि महिन्याभराने घेऊन त्यातला गॅमा इंटरफेरॉन मोजावा. त्यासाठी मोहिमेच्या अंदाजपत्रकात एक ओळ लागेल. ती ओळ घालायला दूध संघांनी आणि पशुवैद्यांच्या संघटनांनी आत्तापासून खात्याच्या मागे लागावं. साथ आल्यावर पेशी पाहायला कुणालाच वेळ नसतो.